करपट वासाच्या मागावर सोलापुरात

सोलापूर शहर डोळ्यांना पटकन ओळखू येते. सिद्धेश्वराचे तळे, तळ्यातले मंदिर, शेजारचा भुईकोट किल्ला आणि दुकानांतून रचून ठेवलेल्या चादरी पाहिल्या की पाहुण्याचे समाधान होते. येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्याला मात्र हे गाव नाकानेही ओळखता येते. पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटाटाबरोबर सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास येतो. रंगकामाच्या कारखान्यांचा उग्र दर्प येतो. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांच्या घरांतून तंबाखूचा वास रस्त्यापर्यंत येतो. बाजाराकडे वळले की शेंगाचटणीसाठी कुटल्या जाणाऱ्या भाजक्या शेंगदाण्यांचा आणि लसणीचा घमघमाट सुटलेला असतो. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर होम होतो, शोभेचे दारूकाम होते आणि त्या दिवसांत शहराच्या हवेला धुराचा व दारूचा वास असतो. मे महिन्यात तापमानाचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेला की दारोदार लावलेल्या कूलरच्या ओल्या गवताचा वास दुपारभर दरवळतो.

एवढ्या वासांच्या गर्दीत एखादा धोक्याचा वास निराळा काढणे सोपे नसते. शेंगदाणा भाजताना आधी खमंग, मग खरपूस आणि शेवटी करपट होतो. मराठीने विस्तवाच्या या पायऱ्यांना वेगवेगळे शब्द दिले आहेत आणि सुगरण त्या नाकाने मोजत असते. विजेच्या वायरीला खमंग अशी पायरी नसते. तिचे आवरण तापले की एकदम करपट वास येतो. तो बहुधा धुराच्या आणि ज्वाळेच्या आधी येतो, म्हणून वैद्यकीच्या भाषेत त्याला रोगाचे पहिले लक्षण म्हणता येईल. हे लक्षण पकडणारे नाक उतारवयात मंद होते, आणि बहुतेकांना ते कळत नाही. एका मे महिन्यातील सोमवारी साखर पेठेतून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत केलेल्या प्रवासात ही गोष्ट माझ्यासमोर फार स्पष्टपणे आली.

पूर्व भागातून तळ्याकडे

रुग्णांच्या घरी जाण्यासाठी मी मोटारसायकल वापरतो. पूर्व भागातील बोळांत चारचाकी शिरत नाही. त्या सकाळी एका वृद्ध जोडप्याकडे गेलो होतो. गृहस्थ शहात्तर वर्षांचे. परिसरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि बाजारात कन्नड अशी त्यांची खास सोलापुरी बोलचाल आहे. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढे हे शहर गिरण्यांच्या भोंग्यावर चालू लागले. अण्णांनी त्या गिरणीयुगाच्या अखेरची वर्षे जॉबर म्हणून काढली. त्यांच्या पत्नीला, अम्मांना, मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे विस्मरण जडले आहे. मुलगा पुण्यास असतो. अम्मांचे औषधपाणी, स्वयंपाक आणि राखण हे सर्व अण्णाच पाहतात.

शेजारीण अम्मांजवळ बसली होती. अण्णांना सोमवारच्या दर्शनाला जायचे होते आणि माझा दवाखाना त्याच दिशेला, म्हणून हेल्मेट देऊन त्यांना मागे बसवले. कन्ना चौकात गर्दीमुळे थांबलो तेव्हा करपट वासाची एक झुळूक आली. बाजूला यंत्रमागाचा कारखाना होता आणि समोर वडे तळले जात होते. गाडी पुढे निघाली आणि वास गेला. सिव्हिल चौकाजवळ पुन्हा थांबलो तेव्हा तोच वास पुन्हा आला. येथे ना माग होते, ना कढई. एकच वास दोन वेगळ्या ठिकाणी आला तर त्याचे मूळ आपल्याबरोबर प्रवास करीत आहे, असा सरळ अर्थ होतो. मी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली आणि आधी अण्णांना खाली उतरवले.

"अण्णा, काही जळल्याचा वास येतो का?" मी विचारले. त्यांनी दोनदा श्वास ओढला आणि मान हलवली. "काहीच नाही, डॉक्टरसाहेब. स्वच्छ हवा आहे."

सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का, ते पाहिले. चिकटली नव्हती. इंजिनावर तेलाचा ओघळ नव्हता. सीटखाली धूर नव्हता, पण वास तेथे दाट होता. गाडी ढकलत जवळच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींकडे नेली. ते दुचाकींच्या विजेच्या कामातले जाणकार आहेत. अण्णांना सावलीत बसवून पाणी दिले.

मिस्त्रींची तपासणी

चांगला वैद्य नाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. मिस्त्रींनीही तसेच केले. "डॉक्टरसाहेब, वास गाडी पळताना येलालाय का थांबल्यावर?" अस्सल सोलापुरी धाटणीत त्यांनी विचारले. थांबल्यावर, असे सांगताच ते म्हणाले की, पळत्या गाडीत वारा वास मागे टाकतो, म्हणून तो थांबल्यावरच कळतो. वास आता सुरू झाला असेल असे समजू नका. मग लाईट, हॉर्न, ब्रेक यांपैकी काय वापरताना वास वाढतो, नवा बल्ब बसवला आहे का, मोबाईल चार्जर जोडला आहे का, गाडी नुकतीच पाण्याने धुतली का, असे एकामागून एक प्रश्न आले.

नंतर त्यांनी वास वेगवेगळे करून दाखवले. क्लचच्या प्लेटी घासल्या तर करपलेल्या कागदासारखा वास येतो आणि चढावर तो वाढतो. ब्रेक अडकला असेल तर चाकाचा मधला भाग हाताला तापलेला लागतो. रेग्युलेटर बिघडून बॅटरी जास्त चार्ज होऊ लागली तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायरीचे प्लास्टिक तापले तर उग्र वास येऊन घसा खवखवतो. माझ्या गाडीचा वास या शेवटच्या प्रकारातला होता.

सीट काढून त्यांनी बॅटरीच्या टर्मिनलचे नट हाताने हलवून पाहिले. ते घट्ट होते. फ्यूज शाबूत होता. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा सतत वळून घासला जातो, तेथे आवरण फाटलेले नव्हते. हेडलाईटचा होल्डर उघडला, तोही स्वच्छ निघाला. मग बाजूचे कव्हर काढून त्यांनी एक पांढरा प्लास्टिकचा कपलर बाहेर ओढला. इंजिनातल्या कॉइलमधून येणारी वीज या जोडातून रेग्युलेटरकडे जाते. तीनपैकी एका पिनेभोवती कपलर तपकिरी होऊन वितळला होता. वासाचे मूळ सापडले.

फ्यूज शाबूत असताना हे कसे झाले, असे मी विचारले. त्याचे उत्तर घरातल्या विजेलाही लागू पडते, म्हणून ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. फ्यूज जादा प्रवाह वाहू लागला की तुटतो. माझ्या गाडीत प्रवाह नेहमीइतकाच होता. फक्त पिन धुळीने आणि पाण्याने गंजून सैल झाली होती. सैल जोडात विजेला अडथळा होतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता निर्माण होते. उष्णतेने पिन आणखी गंजते, अडथळा आणखी वाढतो आणि हे चक्र चालू राहते. शिवाय कॉइलपासून रेग्युलेटरपर्यंतचा हा भाग फ्यूजच्या आधी येतो, त्यामुळे फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींत इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवा जळत राहतो, म्हणजे जोडांवर भारही कायम असतो. त्यात हौसेने मोठा बल्ब बसवला तर पस्तीस वॅटच्या दिव्याला लागणाऱ्या सुमारे तीन अँपिअरच्या जागी शंभर वॅटला आठांहून अधिक अँपिअर लागतात. वायर मात्र तीच राहते.

मिस्त्रींनी जळका भाग कापून टाकला, नवा कपलर नव्या पिनांसह बसवला आणि इंजिन चालू करून मीटरने बॅटरीचा दाब मोजला. तो १४.२ व्होल्ट भरला, म्हणजे ठीक होता. चिकटपट्टी गुंडाळून किंवा फ्यूजच्या जागी जाड तार घालून गाडी पुढे रेटणारेही असतात. तसे करणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडणे होय.

अण्णांचे नाक

काढलेला जळका कपलर मी अण्णांच्या नाकाजवळ धरला. दोन हात अंतरावरून मला त्याचा त्रास होत होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "प्लास्टिक आहे." ते डोळ्यांनी पाहून बोलले होते. डोळे मिटायला सांगून शेजारच्या टपरीवरून आणलेली कॉफीची पूड धरली, मग लवंग धरली. दोन्ही त्यांना ओळखता आल्या नाहीत.

गिरणीच्या स्पिनिंग खात्यात तापलेल्या बेअरिंगचा वास यंत्र थांबवण्याआधी ओळखणारा हा माणूस होता. कापसाच्या भुग्याने भरलेल्या खात्यात त्या ओळखीवर अनेकांचे जीव अवलंबून असत. हे त्यांनीच मला पूर्वी अभिमानाने सांगितले होते. आपले नाक गेले आहे, हे त्या दिवशी टपरीपाशी प्रथम त्यांच्या ध्यानात आले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमटीला चव नाही म्हणून मी तिच्यावर चिडत होतो."

वासाची जाणीव नाकाच्या अगदी वरच्या भागातल्या सूक्ष्म पेशींमुळे होते. वयाच्या साठीनंतर ही शक्ती ओसरू लागते. पासष्ट ते ऐंशी या वयोगटात निम्म्याहून अधिक लोकांत ती कमी झालेली आढळते आणि ऐंशीनंतर प्रमाण आणखी वाढते. दृष्टी गेली तर माणूस ठेचकाळतो आणि ऐकू येईनासे झाले तर घरचे ओरडून सांगतात. नाक मात्र गाजावाजा न करता जाते. जुनी सर्दी, नाकातील मांस वाढणे, डोक्याला मार, कोविडसारखा विषाणू, वर्षानुवर्षांची तपकीर आणि धूम्रपान ही त्याची कारणे असतात. पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत तर इतर लक्षणांच्या काही वर्षे आधी वास कमी होऊ शकतो. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून हे सोडून देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवावे.

याची उलट बाजूही आहे. काहीही जळत नसताना काहींना जळका वास येत राहतो. सायनसचा विकार, मायग्रेन, अपस्माराचा एक प्रकार अशी त्यामागे कारणे असू शकतात. तसे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावेच. परंतु घरातल्या वृद्धाने ‘काहीतरी जळते आहे’ असे म्हटले, तर भास ठरवण्याआधी सगळे घर पाहून यावे. हा क्रम कधीही बदलू नये. याचे कारण मला त्याच संध्याकाळी मिळाले.

साखर पेठेतले दोन खोल्यांचे घर

संध्याकाळी मिस्त्रींच्या ओळखीच्या वायरमनला घेऊन अण्णांच्या घरी गेलो. कूलर चालू होता. त्याची पिन एका फुटकळ मल्टीप्लगमध्ये होती आणि त्याच मल्टीप्लगवर मिक्सर व मोबाईलचा चार्जरही होता. वायरमनने मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. सॉकेटमागचा स्क्रू सैल झाला होता, वायरीचे टोक काळे पडले होते आणि सॉकेटची एक बाजू तपकिरी झाली होती. मोटारसायकलच्या कपलरचीच ही थोरली आवृत्ती होती. येथेही एमसीबी पडला नव्हता, कारण प्रवाह मर्यादेतच होता.

अम्मा पलंगावर बसून पाहत होत्या. शेजारीण म्हणाली, "चार-पाच दिवस झाले, अम्मा सारखं विचारतात, मासे कोण तळतंय म्हणून. आम्हाला वाटलं, डोक्याचं आहे." स्विचबोर्डाचे प्लास्टिक तापले की त्याचा वास पुष्कळदा मासळीसारखा येतो. अम्मांचे विस्मरण रक्तवाहिन्यांच्या आजारातले होते आणि नाक बरेच शाबूत होते. घरात वास पकडणारे एकच माणूस उरले होते आणि त्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते.

या शहराला आगीची ताजी आठवण आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मूलही होते. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा वर्तवला गेला. पहाटेच्या आगींविषयी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. झोपलेल्या माणसाला वास भरवशाने जागे करीत नाही, तरुण आणि धडधाकट नाकालाही हे लागू आहे. आवाज जागे करतो. म्हणून धुराची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे छोटे भोंग्याचे यंत्र झोपण्याच्या खोलीच्या छतावर लावणे हा चैनीचा खर्च नाही.

घरच्यांनी काय पाहावे

आठवड्यातून एकदा, शक्यतो कूलर किंवा इस्त्री अर्धा तास चालल्यानंतर, कोरड्या हाताची मागची बाजू बोर्डाच्या पृष्ठभागाला लावून पाहावी. तो गरम लागला, तपकिरी डाग दिसला, चरचर ऐकू आली किंवा मासळीसारखा वास आला तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. बोर्ड स्वतः उघडू नये. कूलर, गीझर, इस्त्री आणि पाण्याची मोटर यांना स्वतंत्र सॉकेट असावे. मल्टीप्लग फक्त चार्जरसारख्या हलक्या कामासाठी ठेवावा.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ज्याचे नाक गेले त्याच्यासाठी ती सूचना व्यर्थ आहे. अशा घरी गॅसगळतीचे सूचकयंत्र बसवावे आणि रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी. उरलेल्या अन्नावर तारीख लिहून ठेवावी, कारण आंबलेला वासही कळत नाही.

वृद्धाला मागे बसवून दुचाकीवर जाताना करपट वास आला तर वाळके गवत आणि पेट्रोलपंप टाळून कडेला थांबावे, चावी बंद करावी आणि मागच्याला आधी उतरवून दूर उभे करावे. धूर दिसला तर सीट उघडण्याच्या फंदात न पडता ११२ किंवा १०१ वर फोन करावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. बॅटरीवरच्या स्कूटरची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बॅटरीतून गोडसर रासायनिक वास किंवा फुसफुस आली तर ताबडतोब लांब जावे. ती जिन्याखाली किंवा दारात, म्हणजे घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर, रात्रभर चार्जिंगला लावू नये.

नाकाची परीक्षा घरीही घेता येते. डोळे मिटवून, एक नाकपुडी बंद करून कॉफी, लवंग, हिंग आणि साबण एकेक करून ओळखायला सांगावे. चुना-नवसागर किंवा अमोनिया वापरू नये. त्याची झोंबणारी जाणीव वेगळ्या मज्जातंतूने होते आणि नाक शाबूत असल्याचा खोटा दिलासा मिळतो. विषाणूनंतर वास गेला असेल तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीस-पंचवीस सेकंद लक्षपूर्वक घ्यावेत. किमान तीन महिने हा अभ्यास करावा लागतो. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण पुष्कळांना काही प्रमाणात येतो.

अण्णांनी हा अभ्यास गिरणीतल्या शिस्तीने केला. चार महिन्यांनी त्यांना लवंग ओळखता येऊ लागली, कॉफी अजून येत नाही. कूलरला नवे सॉकेट बसले आहे, छतावर धुराचे सूचकयंत्र आहे आणि गॅसच्या शेगडीजवळ दुसरे. दर रविवारी शेजारणीची महाविद्यालयात जाणारी मुलगी येऊन दोन्ही खोल्यांतून हिंडते, बोर्डांना हात लावते आणि अम्मांना विचारते, "अम्मा, आज कसला वास येतोय?" अम्मा जे सांगतील ते ती तपासूनच घरी जाते.